पहिल्या बंदुकीचा प्रश्न

जिल्ह्यातील रोवणी आता आटोपत आली आहे. आणखी दोन-अडीच महिन्यांनी भारी धान निसवेल, लोंब्या दुधावर येतील आणि कोका, नागझिरा व कऱ्हांडला यांच्या कडेच्या गावांत दरवर्षीप्रमाणे रात्रीची जागल सुरू होईल. रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधीची काय दशा करतो, हे ज्याने सकाळी धुऱ्यावर उभे राहून पाहिले आहे त्याला निराळे सांगावयास नको. शहरातील वाचकांस मात्र एवढे सांगितले पाहिजे की, डुक्कर खाते थोडे आणि तुडविते फार. लोळलेला, चिखलात मिसळलेला धान कापणीच्या उपयोगाचा राहत नाही; आणि ज्याची सगळी शेती दीड-दोन एकरांची आहे त्याचे वर्षच त्या रात्री संपते.

पूर्वी ह्या जागलीत मचाणावर एक वस्तू हटकून असे. तिला आपल्याकडे भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू घालावयाची, वर चिंध्या व छर्रे ठासावयाचे, आणि एकदा ती उडाली की पुन्हा भरेपर्यंत कळप दोन शिवारे ओलांडून गेलेला असावयाचा, अशी ती बंदूक. तिने डुकरे फार मरत असत असे नाही. तिचा आवाज होई, आणि बहुतेक रात्री तेवढ्यानेच काम भागे. ही भरमार आता क्वचितच दृष्टीस पडते. म्हातारा परवानाधारक वारला, मुलाच्या नावे परवाना झाला नाही, बंदूक ठाण्यात जमा झाली ती झालीच, ही कथा आम्ही गावोगाव इतक्या वेळा ऐकली आहे की, ती आता कथा न राहता रीत झाली आहे. त्या बंदुकीच्या जागी काय आले, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आणि तो आतील पानावरून येथे आणण्याचे कारणही तेच आहे.

तिच्या जागी तार आली आहे. शेताभोवती खुंट्या ठोकावयाच्या, गुडघ्याखाली येईल अशी उघडी तार ओढावयाची आणि जवळून जाणाऱ्या वाहिनीवर आकडा टाकून रात्री तीत वीज सोडावयाची. तिला परवाना लागत नाही, कारण तिला परवाना मिळूच शकत नाही; ती उघड उघड गुन्हा आहे. परंतु ती स्वस्त आहे, तिच्यासाठी जिल्हा कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, आणि तिला झोप येत नाही. मात्र बंदूक धरणारा मनुष्य समोर काय आहे ते पाहतो, निदान पाहू शकतो. तार काहीच पाहत नाही. तीत डुक्कर अडकते तसेच चितळ अडकते, शेजाऱ्याचा बैल अडकतो, पहाटे पाणी सोडावयास निघालेला शेजारीही अडकतो. स्वतःच लावलेल्या तारेला चिकटून मेलेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या विदर्भातील वृत्तपत्रांना नव्या नाहीत, आणि त्या छापताना आमचा हात दरवेळी जड होतो.

वाघाचेही तेच झाले. 'जय' हा वाघ सर्व देशाला ठाऊक आहे. नागझिऱ्यातून निघून तो उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात स्थिरावला, त्याच्या दर्शनासाठी लोक दुरून येत. आणि २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोठे गेला हे कोणासही कळले नाही. त्याचा बच्चा 'श्रीनिवास' याचे काय झाले, हे मात्र कळले. २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात तो पुरलेला सापडला. शेताच्या कुंपणातील विजेने त्याचा प्राण घेतला होता. ज्या शेतकऱ्याने ती तार लावली त्याचे वाघाशी काही वैर नव्हते. त्याला डुकरे हवी होती.

आता ह्या पार्श्वभूमीवर आपल्या शस्त्रकायद्याकडे पाहिले म्हणजे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. १९५९ चा शस्त्र अधिनियम, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, तो शेतकऱ्याच्या विरुद्ध मुळीच नाही. उलट त्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याची ही गरज नाव घेऊन मान्य केलेली आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी कोणी भरमार बंदुकीचा परवाना मागितला आणि त्याला नाकारण्याजोगे दुसरे कारण नसले, तर परवाना अधिकाऱ्याने तो 'द्यावा', अशी तेथे आज्ञा आहे. 'देता येईल' अशी मोघम मुभा नव्हे. भरमार पुरेशी नाही असे वाटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचाही अधिकार त्याच कलमात आहे. पुढे चौदाव्या कलमात आणखी एक वाक्य आहे, ज्याबद्दल त्या वेळच्या कायदेकारांना धन्यवाद दिले पाहिजेत: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येणार नाही.

हे वाक्य तेथे का आले, हे इतिहास ठाऊक असल्यावाचून कळत नाही. १८७८ साली लिटनच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्याने ह्या देशातील रयतेच्या हातचे शस्त्र काढून घेतले आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. बंदूक हे तेव्हापासून सरकारी मर्जीचे चिन्ह झाले. आपल्या भागातील मालगुजारांच्या वाड्यांत भिंतीवर जोडनळ्या टांगलेल्या असत; तलावांवर बदकांची शिकार होई; आणि त्याच तलावाच्या पाण्यावर धान काढणाऱ्या कुळाजवळ काठी, गोफण आणि फार तर टिनाचा डबा एवढेच असे. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश झाला तो ह्या अपमानाच्या आठवणीतून. पुढे १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तसाच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचविली. ती स्वीकारली गेली नाही. हा हक्क एकदा सर्वांस दिला म्हणजे तो सराईत गुन्हेगारासही मिळतो, हा डॉ. आंबेडकरांचा आक्षेप बिनतोड होता, आणि आमच्या मते तो आजही तसाच आहे. अमेरिकेने हा हक्क आपल्या घटनेत घातला व त्याचे फळ ती शाळाशाळांतून भोगीत आहे. तेव्हा आम्ही आज येथे शस्त्राच्या हक्काची मागणी करीत नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. कायद्याने जे आधीच देऊ केले आहे ते दिले जाते की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कारण कायदा पुढे बदलत गेला, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी लक्ष दुसरीकडे होते. १९८३ साली पंजाबातील परिस्थिती बिघडली असता एका व्यक्तीजवळ तीनहून अधिक बंदुका असू नयेत, अशी मर्यादा आली. १५ जुलै २०१६ रोजी १९६२ च्या नियमांच्या जागी नवे शस्त्र नियम आले. त्यांत परवान्यांची देशव्यापी नोंद, प्रत्येक परवानाधारकास विशिष्ट क्रमांक, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, प्रकृतीविषयी वैद्यकीय दाखला, घरात शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी अशा कितीतरी गोष्टी आल्या. वाजवीपेक्षा अधिक जोराच्या हवाई बंदुकाही परवान्याखाली आल्या. पुढे २०१९ च्या डिसेंबरात संसदेने अधिनियमच दुरुस्त केला आणि तीनाच्या दोन बंदुका केल्या. तिसरी असेल ती एका वर्षात ठाण्यात अथवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी, नंतर तिचा परवाना रद्द व्हावा. वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकीलाही हीच मर्यादा लागावी, असे ठरले. परवान्याची मुदत तीन वर्षांची होती ती पाच वर्षांची झाली, ही त्यातील एक सोयीची गोष्ट. बेकायदा शस्त्रांचा धंदा करणाऱ्यांच्या शिक्षा वाढल्या. लग्नाच्या वरातीत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ही तरतूद फार पूर्वीच व्हावयास हवी होती.

मूळ विधेयकात दोनही नव्हे, एकच बंदूक ठेवावी असे होते. त्यावर गदारोळ झाला. नेमबाजीच्या खेळाडूंनी निवेदने दिली, पिढीजाद शस्त्रे बाळगणाऱ्या घराण्यांनी आपली परंपरा पुढे केली, पंजाबातून विरोध झाला, आणि सरकारने एकाचे दोन केले. खेळाडूंना तर निराळ्या सवलती मिळाल्या. ह्या सर्व वादात कोणी चुकीचे बोलले असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो सगळा वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या बंदुकीचा होता. ज्याला पहिलीच मिळत नाही, किंवा मिळालेली एकुलती एक राखता येत नाही, त्याच्या वतीने त्या दोन दिवसांच्या चर्चेत कोणी आवाज चढविल्याचे आमच्या वाचनात नाही. आमच्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर, तीनाच्या दोन झाल्याने जुन्या वाड्यांतील काही जोडनळ्या खाली उतरल्या असतील. जागलीच्या मचाणावर त्याने काडीचाही फरक पडला नाही. फरक पडला तो २०१६ च्या नियमांनी, ज्यांच्याविषयी दिल्लीत फारसा गाजावाजा झाला नव्हता.

ते नियम वाईट आहेत काय? मुळीच नाहीत. बंदूक घेणाऱ्याला ती धरता आली पाहिजे, त्याचे डोके ठिकाणावर असले पाहिजे, घरातील पोराच्या हाती ती लागता कामा नये. ह्यापैकी कोणत्या गोष्टीस शहाणा मनुष्य हरकत घेईल? पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो परवानाधारक होता तो पक्क्या घरात राहणारा, लोखंडी कपाट असलेला, संगणकावर अर्ज भरणारा आणि प्रशिक्षणासाठी एक दिवस मोकळा काढू शकणारा होता. पवनी तालुक्यातील कुडाच्या भिंतींच्या घरात राहणारा धानउत्पादक त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. पुढे परवान्यांना विशिष्ट क्रमांक घेण्याच्या मुदती आल्या, त्या वाढविल्या गेल्या, पुन्हा आल्या. शहरातील परवानाधारकाला त्या वर्तमानपत्रांतून कळल्या. ज्याला त्या कळल्या नाहीत त्याच्याजवळची आजोबांच्या वेळची भरमार एके दिवशी, त्याने काहीही न करता, बेकायदा वस्तू झाली.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक दार आहे, आणि ते बहुतेकांस माहीत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्याच्या चौतिसाव्या कलमान्वये अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. कायदा झाला तेव्हा आपल्याकडे नागझिरा एवढेच काय ते होते. नंतर २०१२ साली नवे नागझिरा व उमरेड-पवनी-कऱ्हांडला, २०१३ साली कोका अशी अभयारण्ये झाली आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. ह्या प्रत्येक हद्दीभोवती दहा किलोमीटरचे कडे नकाशावर काढून पाहावे. भंडारा, लाखनी, साकोली आणि पवनी ह्या तालुक्यांतील कितीतरी गावे त्यांच्या आत येतात; आणि रानडुकराचा उपद्रव सर्वांत अधिक आहे ती नेमकी हीच गावे. म्हणजे जेथे बंदुकीचे कारण आहे तेथेच बंदुकीला आणखी एक संमती लागते. ती संमती मागण्याचे पत्र भंडाऱ्याहून नागपूरला जावयाचे, तेथून विचारणा खाली यावयाची, खालून अहवाल वर जावयाचा. पत्र जेव्हा परत येते तेव्हा कोणत्या हंगामातील धान खाल्ला गेला होता हे अर्जदाराच्याही आठवणीत राहत नाही.

ह्या कलमाची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. अभयारण्याच्या कडेला बंदुका वाढल्या म्हणजे चितळ-सांबरांचे मांस गावात येऊ लागते, हे सांगण्यास मोठ्या संशोधनाची आवश्यकता नाही. पिकाच्या राखणीच्या नावाखाली मिळविलेल्या भरमारीने ह्याच जिल्ह्यातील रानात एके काळी काय काय केले, हे जुन्या पिढीतील पुष्कळांस ठाऊक आहे, आणि त्यांतील काहीजण ते आजही अभिमानाने सांगतात. शेजारच्या गडचिरोलीत अशाच भरमारी नक्षलवाद्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून पोलिसांनी त्या गावकऱ्यांकडून जमा करून घेतल्या. तेही तेव्हा आवश्यक होते. वनखात्याला संशय येण्यास कारण आहे. पण संशयाचे निराकरण चौकशीने व्हावे, विलंबाने नव्हे. नाही म्हणावयाचे असेल तर नाही म्हणावे, कारण लिहून द्यावे. म्हणजे अर्जदाराला नागपूरच्या विभागीय आयुक्तांकडे अपील तरी करता येईल. उत्तरच न दिल्याने अपिलाचा मार्गही बंद होतो, आणि नकाराची जबाबदारी कोणावरच येत नाही.

समजा, एवढी दारे ओलांडून एखाद्याच्या हाती बंदूक आली. तिने डुक्कर मारता येते काय? नाही. त्यासाठी वनखात्याचा निराळा परवाना लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. ह्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने २०१५ साली एक शहाणपणाचा निर्णय घेतला होता. रानडुक्कर व रोही यांच्यापासून पिकाला उपद्रव झाल्यास परवानगी देण्याचा अधिकार थेट वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणला, आणि अर्जाचा निकाल तातडीने लागावा असे ठरविले. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु परवानगी हातात पडल्यावर डुक्कर मारावयाचे कशाने, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या निर्णयात नाही. ज्याला डुक्कर मारण्याची परवानगी मिळते त्याला बंदूक मिळत नाही. आणि ज्याच्याजवळ बंदूक आहे तो बहुधा शहरात राहतो, त्याच्या शेतात डुक्कर येत नाही. आमच्या घटनेने बंदूक केंद्राच्या सूचीत घातली, शेती राज्याच्या सूचीत घातली आणि वन्य प्राणी १९७६ पासून समवर्ती सूचीत आले. रानडुकराला ह्या तिन्ही सूची एकाच रात्रीत ओलांडता येतात. माणसांना मात्र तसे करता आलेले नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. संपादकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने काही वर्षे शाळामास्तरकी केली. दिवाळीपूर्वीच्या सहामाही परीक्षेच्या सुमारास शेवटच्या बाकांवरील पोरे वर्गात हमखास पेंगत. नवखा असताना त्यांना उभे करून शिक्षा केली. नंतर एका पोराने सांगितले की, रात्री बापाबरोबर जागलीला होतो, टिनाचा डबा वाजवीत होतो. त्या दिवसापासून शिक्षा बंद केली, पण पोरांचे गुण वाढविण्याचा काही उपाय सापडला नाही. आज त्या पोरांची पोरे शाळेत आहेत. ती रात्री पेंगत नाहीत असे म्हणतात, कारण आता तार आहे. हे ऐकून समाधान वाटावे की काय, हे अजून आम्हाला ठरविता आलेले नाही.

निवडणुकीच्या काळात ह्या प्रकरणाचा कळस होतो. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि मतदानात दहशत नको म्हणून ते निघावयासही हवेत. परंतु कोणाची शस्त्रे? मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ साली ह्याच प्रश्नाचा निर्णय दिला आहे. सरसकट सर्व परवानाधारकांना एका आदेशाने शस्त्रे जमा करावयास लावणे योग्य नाही. जिल्हादंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करावा. जो जामिनावर सुटलेला आहे, ज्याच्यावर गुन्हे आहेत, जो पूर्वी निवडणुकीच्या दंग्यात सापडला आहे, अशांची शस्त्रे घ्यावीत. निवडणूक आयोगाने त्याच वर्षी त्या धर्तीवर सूचना काढल्या. त्या आजही लागू आहेत.

त्यांचा अंमल मनापासून होणे आमच्या जिल्ह्यात किती महत्त्वाचे आहे, हे पंचांगावरून पाहा. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला सुरू झाली. भंडारा-गोंदियाचे मतदान १९ एप्रिलला झाले, पण आचारसंहिता संपली ती निकालानंतर, जून उजाडल्यावर. ह्या तीन महिन्यांत तलावाखालच्या व कालव्याखालच्या शिवारात उन्हाळी धान उभा असतो. पुढे विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला झाले. हा भारी धान पिकण्याचा आणि कापणीचा काळ. म्हणजे एकाच वर्षात दोन्ही पिके उभी असताना शस्त्रे जमा करण्याचे दिवस आले. लोकशाहीच्या रक्षणासाठी एखाद्या उपद्रवी पुढाऱ्याची पिस्तूल कुलपात ठेवणे ही एक गोष्ट आहे. साठी ओलांडलेल्या, कधी कोणाशी भांडण न केलेल्या शेतकऱ्याची ठासणीची नळी त्याच कुलपात ठेवून त्याला निकालानंतर आठवड्याने ये म्हणून सांगणे ही दुसरी. ह्या दोन गोष्टींतील फरक ओळखण्यासाठीच छाननी समिती आहे.

कोणी म्हणेल की, बंदुकीवाचून दुसरे उपाय नाहीत काय? आहेत, आणि आम्हाला ते अधिक पसंत आहेत. सौर ऊर्जेवर चालणारे, क्षणिक धक्का देणारे परंतु जीव न घेणारे कुंपण हा त्यांतील सर्वांत चांगला उपाय. जंगलाशेजारच्या गावांना त्यासाठी शासन अनुदानही देते. ज्या गावांनी एकत्र येऊन ते लावले व त्याची निगा राखली तेथे त्याचा गुण आला. परंतु एका शेताभोवती कुंपण झाले की कळप शेजारच्या बांधीत वळतो, आणि तो शेजारी बहुधा अनुदानाच्या यादीत नसलेला असतो. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा होऊन ती हाती पडेपर्यंत सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. तेव्हा सर्व उपाय एकाच वेळी चालले पाहिजेत, आणि त्यांत कायदेशीर बंदुकीचाही छोटासा वाटा असला पाहिजे.

तो वाटा कसा असावा ह्याचे एक उदाहरण केरळात पाहावयास मिळते. तेथे २०२२ साली उपद्रवी रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे काम ग्रामपंचायतींच्या प्रमुखांकडे सोपविण्यात आले, आणि गोळी झाडावयाची ती परवानाधारक बंदूकवाल्यांच्या यादीतील माणसाने. प्रत्येक घरात बंदूक नाही. पण पंचक्रोशीत एखादा जबाबदार बंदूकवाला आहे, तो कोण हे पोलिसांस ठाऊक आहे, वनखात्यास ठाऊक आहे, आणि त्याला बोलावण्याची रीत ठरलेली आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशाने तर १९९६ च्या पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. शस्त्रबंदीचे एवढे मोठे पाऊल दुसऱ्या कोणी क्वचितच उचलले असेल. स्वसंरक्षण हे बंदूक बाळगण्याचे कारण म्हणून तो देश मानीत नाही. पण शेती हे कारण तो मानतो. कडक कायदा आणि शेतकऱ्याची गरज यांत मूलतः विरोध नाही, हे ह्याहून अधिक स्पष्ट कसे व्हावे?

आमच्या जिल्ह्यात अशी व्यवस्था अशक्य नाही. प्रत्येक वनपरिक्षेत्रात गावांनी सुचविलेले, पोलिसांनी पारखलेले, थोडेच परवानाधारक असावेत. त्यांचे प्रशिक्षण जिल्हा पोलिसांनी तालुक्याच्या ठिकाणी घ्यावे. बंदूक ठेवण्यास घर पक्के नसेल तर हंगामाबाहेर ती ठाण्यात राहावी व निसवणीच्या वेळी पावतीवर परत मिळावी. वनक्षेत्रपालाची परवानगी ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी ती त्या परवानाधारकाकडे जावी. मुख्य वन्यजीव रक्षकांनी अशा यादीला एकदाच संमती दिली म्हणजे प्रत्येक अर्जामागे नागपूरचा फेरा उरणार नाही. ह्यासाठी संसदेकडे जाण्याची आवश्यकता नाही. तार लावणाऱ्यावर मात्र दयामाया नसावी. वीज कंपनी व वनखाते यांनी रात्रीची संयुक्त गस्त घालावी आणि आकडे काढावेत. पण दोन्ही गोष्टी एकाच हंगामात व्हाव्यात. पहिली न करता दुसरीच केली तर शेतकऱ्याला फसविल्यासारखे होईल.

बेकायदा शस्त्रांचा प्रश्न गंभीर आहे, हे आम्ही विसरलो नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल चाळले तर बंदुकीने होणाऱ्या खुनांत परवाना नसलेल्या शस्त्रांचा वाटा परवान्याच्या शस्त्रांहून कितीतरी पटींनी अधिक दिसतो. ती शस्त्रे कोठे बनतात, कोणत्या वाटेने येतात, हे पोलिसांस शोधून काढावे लागते. परवानाधारकाला शोधावे लागत नाही. त्याचा पत्ता वहीत लिहिलेला असतो. म्हणूनच प्रत्येक नव्या नियमाचा पहिला हिसका त्यालाच बसतो. ज्या जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत सैन्यासाठी स्फोटके तयार होतात आणि तेथे काम करणाऱ्यांनी त्यापायी प्राणही दिले आहेत, तेथील माणसाला दारूचे गांभीर्य शिकवावे लागत नाही.

२०१६ च्या नियमांनीच मुदत घालून दिलेली आहे: पोलिसांनी अहवाल तीस दिवसांत द्यावा आणि परवाना अधिकाऱ्याने त्यानंतर साठ दिवसांत निर्णय करावा. एकूण तीन महिने. मृगाच्या सुमारास केलेल्या अर्जाचा निकाल, होकार असो वा नकार, घटस्थापनेपूर्वी लागावयास हवा, म्हणजे भारी धान दुधावर येण्याच्या आत. पिकाच्या राखणीसाठी शस्त्रपरवाना मागणारे, परवान्याचे नूतनीकरण मागणारे आणि वारसाहक्काने नोंद मागणारे असे किती अर्ज ह्या क्षणी जिल्ह्यात पडून आहेत, त्यांपैकी किती पोलिसांकडे, किती वनखात्याकडे आणि किती जिल्हा कचेरीत आहेत, आणि प्रत्येकावरची तारीख कोणती आहे, ही यादी जिल्हाधिकाऱ्यांनी प्रसिद्ध करावी. नावे नकोत; गाव, तालुका आणि तारीख एवढे पुरे. ती यादी आमच्याकडे पाठविल्यास आम्ही ती ह्याच पानावर, कोणतीही टीकाटिप्पणी न करता छापू.